आडवी फांदी

घरात माणूस हरवण्याची मला चांगली सवय आहे. माझे यजमान सिमेंट कारखान्यात दळणाच्या मिलवर होते. तिथल्या आवाजात तीस वर्षं काढली आणि निवृत्त झाले तेव्हा कान तिथेच ठेवून आले. आता हाक मारून उपयोग नसतो. चहा झाला की आमच्या कोरपन्याच्या घरात मी समोरची खोली, मधली खोली, गच्ची असं शोधत फिरते आणि शेवटी हे मागच्या अंगणात पपईखाली दुर्बीण लावून बसलेले सापडतात. तोवर चहावर साय धरलेली असते. कानाचं मशीन आहे, पण ते बहुतेक वेळा खिशात असतं. वारा आला की त्यात खरखर होते म्हणे.

पाखराचा आवाज ज्याला येत नाही त्याने पाखरं बघायचा नाद लावून घ्यावा, हे मला आधी पटलं नव्हतं. मग मीच त्यांचे कान झाले. मी अंगणवाडी सेविका होते. लेकरांच्या पायात येईल असं काहीही दिसलं की उचलायचं, आणि दिवसभर बोलत राहायचं, या दोन गोष्टी माझ्या अंगात मुरल्या आहेत. फिरायला गेलो की मी कानोसा घेते, ह्यांचा दंड दाबते आणि बोट दाखवते. कोरपन्याच्या आजूबाजूचं सगळं असं बघून झालं. तळं बघितलं, कपाशीची शिवारं बघितली. मग ह्यांनी शेकरूचा हट्ट धरला. मोठी, तांबूस, झाडाच्या शेंड्याला राहणारी खार. ती बघायची तर एटापल्लीकडचं जंगल गाठायला हवं.

मुलीने फोनवर विरोध केला. "आई, बाबांना ऐकू येत नाही. जंगलात मागून काही आलं तर?" मी तिला शब्द दिला की बाबांना पाच मिनिटंही नजरेआड होऊ देणार नाही. ही गोष्ट इथेच सांगून ठेवते, कारण पुढे तो शब्द कसा पाळला ते सांगायचं आहे.

एटापल्लीच्या रस्त्याने

मार्चच्या मध्यावर निघालो. राजुरा, बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी करत एसटी आलापल्लीला पोचली तेव्हा माझ्या पदराचा रंग बदलला होता. आमच्याकडे धूळ पांढरी असते. अंगण दिवसातून दोनदा झाडलं तरी पपईची पानं पिठात घोळल्यासारखी दिसतात. इकडे खनिजाचे ट्रक चालतात, त्यामुळे धूळ लाल. रस्त्याकडेच्या सागाची पानं, टपऱ्यांची छपरं, बसलेली कुत्री, सगळ्यांवर तोच रंग. हे खिडकीतून बघत म्हणाले, "पांढऱ्यातून निघालो, लालात आलो." मी म्हटलं, "झाडनं काई सुटत नाई."

एटापल्लीच्या स्टँडवर दसरूभाऊ उभा होता. हा माडिया माणूस, ह्यांच्याच मिलवर ठेकेदाराकडे अकरा वर्षं कामाला होता. मग गावची शेती बघायला परत गेला. खांद्यावर कुऱ्हाड, अंगात कारखान्याचा जुना खाकी शर्ट. तो "जोहार" म्हणाला आणि त्यानंतर दोघांनी तोंड उघडलंच नाही. हात चालू झाले. मिलच्या गोंगाटात बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथे सगळे हातांनी बोलायचे. तळहात पालथा म्हणजे बंद. मूठ म्हणजे थांब. कपाळाला बोट म्हणजे साहेब येतो आहे. इतक्या वर्षांनी भेटलेले हे दोघं स्टँडवर उभे राहून हात हलवत आणि मान डोलवत हसत होते. माझ्याकडे कुणी बघेना. मी मात्र त्या भाषेत कधी लक्ष घातलं नव्हतं. घरी कुणाशी तरी तोंडाने बोलायला नको का?

दसरूभाऊचं गाव

एटापल्लीहून काळी-पिवळी जीप, मग दोनेक मैल पायी. गावात पंचवीस-तीस घरं असतील. दसरूभाऊची बायको जुरी हिने माहुलीच्या वेलाच्या पानाच्या द्रोणात आंबील दिली. आंबट, थंड, तांदळाच्या भरडीची. आम्ही ज्वारीच्या भाकरीची माणसं. पहिला घोट मी शिष्टाचार म्हणून घेतला, दुसरा तहान म्हणून आणि मग दुसरा द्रोण मागून घेतला. जेवायला भात, वाळवलेल्या मासळीचा रस्सा आणि लाल मुंग्यांची चटणी. चटणी आंबट लागते, लिंबासारखी. ह्यांनी दोनदा घेतली. मी एकदाच. पण एकदा घेतली, हे लिहून ठेवायला हरकत नाही.

संध्याकाळी चुलीजवळ दोघांचे हात परत बोलायला लागले. दसरूभाऊने राख सपाट केली, बोटाने तिच्यात रेघा ओढल्या, रेघांना फाटे फोडले आणि एका फाट्यावर काडी आडवी ठेवली. मी हापशावरून भांडी घासून आले. राखेत काडी पडलेली दिसली, ती उचलली आणि चुलीत घातली. दोघं माझ्याकडे बघून इतके हसले की ह्यांना ठसका लागला. मी विचारलं, "हसाले का झालं?" हे म्हणाले, "काई नाई." पोट भरलं की माणसं हसतातच, असं म्हणून मी ताटं पालथी केली.

दुसऱ्या दिवशी उजाडता उजाडता जुरीबरोबर मोहफुलं वेचायला गेले. या जंगलातलं मला पहिल्या नजरेत आवडलेलं दृश्य तेच. प्रत्येक मोहाखाली पाचोळा झाडून, उरलेला जाळून, गोल अंगण केलेलं असतं. फुलं रात्रभर टपटपतात आणि स्वच्छ जमिनीवर पिवळट मण्यांसारखी पडून असतात. जुरी एक फूल तोंडात टाकते, पाच टोपलीत. मीही तसंच केलं. फूल गोड, थोडं उग्र, तिसऱ्यानंतर डोकं जड करणारं. तिने आपल्या झाडाच्या कडेला बोट दाखवलं. तिथे मोठी विष्ठा पडली होती आणि तिच्यात मोहफुलं अख्खीच्या अख्खी दिसत होती.

"अस्वल," जुरी म्हणाली. "आमच्या आंधी येऊन जाते."

"मानसाले करते का काई?"

"आवाज आयकला का पयते. आयकला नाई अन् अचानक समोर आलं, तं फाडते."

म्हणून या दिवसांत बायका बोलत, गात, काठी आपटत जंगलात जातात. अस्वल दिवसा सावलीला पडून असतं. ऊन उतरलं की परत मोहाकडे येतं. ऐकून मला एकीकडे भीती वाटली आणि दुसरीकडे बरं वाटलं. परत आल्यावर दसरूभाऊने ते बोलूनही दाखवलं, "बाईचं तोंड चालू असलं म्हंजे आमाले काठी नाई लागत."

डोहाकडे

भाकरी बांधून आम्ही तिघं निघालो. नाल्याच्या वरच्या अंगाला एक डोह आहे, तिथे जेवायचं आणि ऊन उतरायच्या आत परत यायचं, असा बेत होता. दसरूभाऊ चालता चालता शिकवत होता. येनाच्या, म्हणजे ऐनाच्या, झाडाची साल मगरीच्या पाठीसारखी असते, आणि उन्हाळ्यात काही येनांच्या खोडाला फुगा येतो, त्यात पाणी असतं. वारुळाला समोरून भोक पाडलेलं असेल तर ते अस्वलाचं काम. शेकरू एकटं चार-पाच घरटी बांधतं. ज्या घरट्यात हिरवी पानं खोचलेली दिसतील त्यात ते राहतं, बाकीची नुसती असतात. मी अंगणवाडीत बालकांना खारीचं चित्र दाखवून "खार" म्हणायला शिकवत असे. ती इतकं बांधकाम करते हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

हिरव्या पानांचं घरटं ह्यांनीच आधी बघितलं. एका उंच झाडावर, दोन फांद्यांच्या बेचक्यात. हे तिथेच बसले. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. मी कुजबुजले तरी माझी कुजबूज म्हणजे दुसऱ्याचं बोलणं असतं. शेवटी दसरूभाऊ मला म्हणाला, "बाई, तुमी इथी असल्यावर ते काई येत नाई."

दोघांचे हात हलले. हे मला म्हणाले, "तुमी व्हा पुढं. मी अर्ध्या घंट्यात येतो."

"रस्ता?" मी वाटेकडे बोट केलं.

"तो फाटे बंद करून जाईन. मले मालूम आहे."

मला काय मालूम नव्हतं ते मी विचारलं नाही. कानाचं मशीन त्यांनी घामाला नको म्हणून खिशात टाकलेलं मी बघितलं होतं. मुलीला दिलेला शब्दही आठवला. पण ते इतके खुशीत होते की मी उठले. भर दुपार होती, दसरूभाऊ निर्धास्त होता, आणि अर्धा तास म्हणजे किती?

दसरूभाऊ भराभर चालतो. माझ्या साडीला कुसळं चिकटली होती, ती काढत मी चाळीस-पन्नास पावलं मागे. वाट एका ठिकाणी दोन्हीकडे फुटली. दसरूभाऊचा शर्ट उजवीकडे दिसला. फाट्यावरच डाव्या वाटेच्या तोंडाशी एक हिरवी फांदी पडलेली, तिचा शेंडा आमच्या वाटेत आलेला. मागून हे येणार, वर झाडांचे शेंडे बघत. पाय अडकून तोंडावर पडतील. मी ती उचलली. चांगली भरगच्च पानांची होती, डोहावर बसायची जागा झाडायला होईल म्हणून बरोबरच घेतली. पुढे आणखी एक फाटा आला, तिथेही तसंच. ती फांदी मी उचलून वाटेच्या कडेला सरळ ठेवली. दोन्ही वेळा मला ह्यांची काळजी घेतल्याचं समाधान वाटलं, हे कबूल केलं पाहिजे.

डोह सुंदर होता. खाली हिरवं पाणी, काठाला गुळगुळीत काळे खडक. मी फांदीने एक खडक झाडून घेतला, भाकरी सोडली. दसरूभाऊ जरा खाली जाऊन वाळवलेल्या भोपळ्याच्या तुंब्यात झऱ्याचं पाणी भरून, खेकडे धरून आला. अर्धा तास झाला. एक तास झाला. मी म्हटलं, शेकरू दिसलं असेल. दीड तास झाला तेव्हा मी उरलेली भाकरी परत बांधून ठेवली. दसरूभाऊही वाटेकडे बघायला लागला. मग त्याची नजर खडकावर टेकवलेल्या माझ्या फांदीवर गेली. त्याने ती हातात घेतली, बुडाशी कुऱ्हाडीचा घाव बघितला.

"बाई, हे फांदी कुठची?"

"वाटेत पडली होती. म्या उचलली. ह्यायच्या पायात आली असती."

"अजून कुठी उचलली?"

"अजून एक. थे बाजूले ठेवली."

दसरूभाऊ रागावला नाही. रागावला असता तर मला सोपं गेलं असतं. त्याने फांदी खाली ठेवली आणि मला सावकाश सांगितलं. पुढे गेलेला माणूस फाट्यावर जी वाट सोडतो तिच्यावर हिरवी फांदी आडवी टाकतो. आम्ही इकडे गेलो नाही, तूही जाऊ नको, असा तिचा अर्थ. मागचा माणूस खुल्या वाटेने येतो. पिढ्यान् पिढ्या असंच चालतं, त्यासाठी हाक मारावी लागत नाही. काल राखेत त्याने ह्यांना हेच दाखवलं होतं, आणि ती काडी मी चुलीत घातली होती.

परतीची वाट

डावीकडची वाट कुठे जाते, असं मी विचारलं. दसरूभाऊ म्हणाला, तिकडे मोहाची जुनी झाडं आहेत. गावापासून लांब, त्यामुळे वेचायला कुणी जात नाही. कोण जातं ते त्याने सांगितलं नाही. सावल्या लांब व्हायला लागल्या होत्या.

मला रडू येत होतं, पण चालायचंही होतं. दसरूभाऊ पुढून म्हणाला, "बाई, बोलत राहा. मोठ्यानं." आयुष्यात पहिल्यांदा माझं तोंड बंद पडलं होतं. हाक मारावी तर ज्याला मारायची त्याला ती ऐकू येणार नाही, आणि गप्प राहावं तर अस्वलाला कळणार नाही. शेवटी मी हजेरी घ्यायला लागले. अंगणवाडीची. आरती, बबलू, चेतना, दानिश, गुड्डी, जी नावं आठवतील ती, पहिल्या वर्षापासूनची, घसा ताणून. प्रत्येक नावानंतर मी थांबत होते, जणू कुणी "हजर" म्हणेल.

दुसरा फाटा आला. माझी फांदी कडेला तशीच सरळ पडलेली. दसरूभाऊ खाली वाकला. मातीत आमच्या दोघांची पावलं होती, ह्यांच्या बुटाचा ठसा नव्हता. "इथपर्यंत आलाच नाई," तो म्हणाला.

मग पहिला फाटा. तिथली फांदी मी नेली होती, तरी तिथे दोन फांद्या होत्या. एक डाव्या वाटेवर आडवी, एक आम्ही गेलो त्या उजव्या वाटेवर आडवी. दोन्ही वेड्यावाकड्या तोडलेल्या, कुऱ्हाडीने नव्हे, हाताने पिळून. मला वाटलं वाऱ्याने पडल्या. हात पुढे गेला.

"बाई," दसरूभाऊ म्हणाला, "हात नका लावू."

तो दोन्ही फांद्यांकडे बघत उभा राहिला आणि हळूहळू त्याच्या तोंडावर हसू आलं. "भाऊ इकडंबी गेला नाई, तिकडंबी गेला नाई. दोन्ही बंद करून गेला."

"मंग कुठी गेले?"

"रायलीच कोनती वाट?"

राहिली होती ती आम्ही आलो ती. मी पळतच सुटले. वयाच्या अठ्ठावन्नाव्या वर्षी, साडीत, चपला हातात घेऊन.

हे घरट्याच्या झाडासमोर येनाला पाठ टेकून बसले होते. मांडीवर दुर्बीण, मान वर. मला बाकी काही दिसलं नाही. मी ओरडले, "अहो!" वरच्या फांदीवरून काहीतरी लांब, तांबूस, झुबकेदार शेपटीचं एका उडीत पलीकडच्या झाडावर गेलं. पानं हलली. मग ह्यांनी शांतपणे मान वळवली आणि बरोबर माझ्याकडे बघितलं.

"थे पयालं तवाच समजलं, सुमन आली म्हनून."

मी त्यांच्याशेजारी बसले आणि रडले. त्यांना सगळं सांगितलं, हातवारे करून, अंगठ्याने स्वतःकडे दाखवून. ते म्हणाले, "फाट्यावर फांदी नवती. मले वाटलं, दसरू काई इसरनार नाई. म्हंजे सुमननं झाडून काढलं असन." खूण नसेल तर अंदाजाने पाऊल टाकायचं नाही, माघारी फिरून माहीत असलेल्या जागी बसायचं, हेही काल राखेत झालं होतं म्हणे. त्यांनी तसंच केलं. पाऊण तास शेकरू समोर बसून फळ कुरतडत होतं.

पलीकडच्या झाडावरून ते आता आमच्यावर चिडून ओरडायला लागलं. ह्यांनी माझ्या मानेच्या हालचालीवरून ओळखलं. "ओरडून राह्यलं का? कसं?"

आजवर मी त्यांना आवाज कुठून येतो ते सांगत आले होते. कसा येतो ते सांगितलं नव्हतं, त्यांनीही विचारलं नव्हतं. मी त्यांचा तळहात उघडला आणि बोटाने त्याच्यावर ठोके दिले. आधी तुटक, एकेक. मग भराभर, जातं अडकून सुटल्यासारखे. परत तुटक. शेकरू थांबलं की मी थांबत होते. हे डोळे मिटून बसले होते. दसरूभाऊने मूठ वर केली, थांब म्हणून, आणि पालथ्या हाताने मावळतीकडे दाखवलं. ते दोन्ही हात त्या दिवशी मला कळले. उठून आम्ही गावाकडे निघालो. ह्यांना मध्ये घेतलं आणि मी हजेरी उरलेल्या नावांपासून सुरू केली.

परत कोरपना

मुलीला मी सगळं सांगितलं. आधी ती चिडली, मग बराच वेळ हसली. जुरीने दिलेली वाळली मोहफुलं डब्यात आहेत. अंगण मी अजूनही दिवसातून दोनदा झाडते, धूळ कुणासाठी थांबत नाही.

गेल्या आठवड्यात बाजारातून आले. चहा टाकला, कप भरले आणि ह्यांना शोधायला म्हणून वळले, तर समोरच्या खोलीच्या उंबऱ्यावर कडुनिंबाची डहाळी आडवी पडलेली. हात सवयीने केरसुणीकडे गेला. मग मी नीट बघितलं. मधल्या खोलीच्या दारात एक होती. गच्चीच्या जिन्याच्या पहिल्या पायरीवर एक. मागच्या अंगणाचं दार मोकळं होतं.

मी एकही उचलली नाही. दोन्ही कप घेऊन मागच्या दाराने गेले. हे पपईखाली होते. चहा गरम होता.